एका कोयत्याची गोळी

आपल्याकडं औषधाला प्रसादासारखं वागवतात. एकाला डॉक्टरनं दिलं की ते चार जणांत फिरलंच पाहिजे. एकाच्या खोकल्याची बाटली शेजारच्या पोराला जाते, सुनेच्या पित्ताची गोळी सासूला जाते, आणि डोळ्यात घालायचे थेंब तर अख्ख्या गल्लीला पुरतात. यात कुणाचं काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. उलट एकटा औषध खाणारा माणूसच थोडा अप्पलपोटा ठरतो. तेव्हा जानकीबाईनं आपली साखरेची गोळी नवऱ्याबरोबर अर्धी अर्धी वाटून घेतली म्हणून तिला लगेच वेडी ठरवू नये. तिला तिची कारणं होती.

त्यातलं पहिलं कारण म्हणजे ती दोघं एक कोयता होती.

ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माणसं दोन, पण मुकादमाच्या लेखी कोयता एक. त्रिंबक आणि जानकीबाई लग्न झालं त्या साली दिवाळी उरकून गाडीत बसली, आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत दर साली बसत राहिली. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या. ट्रक भरताना दोघांनी डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचं. पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दोन भाकरी असल्या तर एकेक, एक असली तर अर्धी अर्धी. एकाला ताप आला तर दुसऱ्यानं दोघांचं तोडायचं, कारण अर्धा कोयता कुणाला चालत नाही. एवढ्या वर्षांत त्यांची भांडणं पुष्कळ झाली, एकदा तर जानकीबाईनं रागानं कालवणाचं पातेलं फडात उपडं केलं होतं. पण वाटणीवरून भांडण कधी झालं नाही.

आता त्यांचा मुलगा रविराज आणि सून तो कोयता चालवत होते. युसूफ वडगाव या गावाच्या अलीकडं त्यांची वस्ती. दिवाळी झाली की वस्तीवरची धडधाकट माणसं पोराबाळांसकट निघून जात आणि घरोघरी म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं एवढंच मागं राही. दुपारी कुणी शिंकलं तरी ते कोण हे चार घरांपलीकडं कळे. त्या शांततेची त्रिंबकला सवय नव्हती. जन्मभर तो या दिवसांत दुसऱ्याच्या मुलखात असायचा. आपलं गाव हिवाळ्यात कसं दिसतं हे त्याला म्हातारपणीच पाहायला मिळालं.

जानकीबाईला साखर निघाली ती वडगावच्या सरकारी दवाखान्यात. ही बातमी ऐकून जो तो म्हणे, "जिंदगीभर ऊस तोडला, शेवटी साखर अंगातच उतरली की." हा विनोद प्रत्येक जण आपणच पहिल्यांदा केल्यासारखा करी आणि जानकीबाई प्रत्येक वेळी तोंडापुरतं हसे. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. रोज सकाळी जेवताना एक. पुढं गोळ्यांसाठी दवाखान्यात जायचंही काम राहिलं नाही, कारण दवाखान्याचं काम घरोघर करणारी आशाताई वनमाला त्या घरी आणून द्यायची.

पण त्या पहिल्याच खेपेला दवाखान्यात एक गोष्ट घडली होती, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्रिंबक त्या दिवशी बाहेर लिंबाखाली बसला होता. आत डॉक्टरीणबाईंनी बायकांना बसवून काहीतरी समजावून सांगितलं. त्या नेमकं काय म्हणाल्या हे त्रिंबकला पुष्कळ पुढं कळलं. त्या दिवशी त्याला कळलं ते जानकीबाईच्या तोंडून, घरी आल्यावर, चुलीपुढं.

"आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असत्यात," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्या झाल्या की मरत्यात, नव्या येत्यात. पन काही लई चिवट. मरत बी न्हाईत आन् काम बी करीत न्हाईत. नुसत्या बसून ऱ्हात्यात आन् शेजारच्यांची डोकी तापवीत्यात. त्यानं अंगाला आतून सूज येती."

"आपल्या इठ्ठलराव मुकादमावानी," त्रिंबक म्हणाला.

"मला बी तेच आठवलं बगा."

विठ्ठलराव मुकादमाचं काम पोरानं कधीच काढून घेतलं होतं. पण ते रोज सकाळी पारावर येऊन बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडत आणि शांतपणे चाललेल्या दोघांत भांडण लावून जेवायला घरी जात. गावाला ते माहीत होतं आणि गाव ते चालवून घेत होतं. माणसाच्या अंगातही असे विठ्ठलराव बसलेले असतात हे ऐकून त्रिंबकला विज्ञानाबद्दल प्रथमच आदर वाटला.

"तर ही साखरेची गोळी हाय ना," जानकीबाई त्याच्या गुडघ्यांकडं बघत म्हणाली, "ती त्या पेशींला गप करती. सूज उतरवती."

"असं म्हणल्या डाक्टरीणबाई?"

"म्हणल्या. आब्यास चालू हाय म्हणं."

हे शेवटचं वाक्य तिनं घाईत उरकलं. त्रिंबकनंही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. त्याला पुढचं संकट दिसायला लागलं होतं, कारण जानकीबाईनं गोळीची पट्टी काढली, एक गोळी अडकित्त्यात धरून बरोबर मधोमध तोडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली.

त्रिंबकचे गुडघे सुजले होते ही गोष्ट खरीच. फळीवरच्या मोळ्या त्यांनी मोजल्या नसल्या तरी ते विसरलेही नव्हते. सकाळी उठताना तो एक हात भिंतीला आणि एक गुडघ्याला लावी आणि तोंडानं आईला हाक मारी. डॉक्टरकडं जायचं म्हटलं की म्हणे, जुनं झालं की कुरकुरतंच, बैलगाडी कुरकुरत न्हाई का. गोळीला त्याचा जन्मापासून विरोध होता. आजवर तो तुरटी, हळद आणि तंबाखू यांवरच जगला होता.

"मला कुठं साखर हाय," तो म्हणाला. "तुजी मला कावून खाऊ घालती? तुजी तू घे."

"सूज तर हाय ना."

"मी न्हाई घेत."

जानकीबाईनं आपली अर्धी गोळीही पाटावर ठेवली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मंग मी बी न्हाई घेत. एका कोयत्याला येक गोळी. घ्यायची तर दोघांनी, न्हाईतर कुणीच न्हाई."

त्रिंबक तिला फार वर्षं ओळखत होता. ती ओरडत असली तर तिची समजूत काढता येई. ती हळू बोलली की त्यात बदल होत नसे. त्यानं गोळी उचलली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि उठून बाहेर गेला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा गाल साधासुधा नसतो. बोलताना, पाणी पिताना, सासऱ्याच्या पाया पडतानासुद्धा त्याला हवी ती वस्तू गालात धरून ठेवता येते. त्रिंबकनं ती अर्धी गोळी गालात धरली, घरामागं जाऊन थुंकली आणि चूळ भरली. गोळी कडू होती. पण जानकीबाईनं आपली अर्धी घेतली असणार, आणि एक नाही तर निदान अर्धी तरी तिच्या पोटात गेली, या विचारानं त्याला समाधान वाटलं. पुढंमागं तिला समजावून पूर्ण घ्यायला लावू, असं त्यानं ठरवलं. माणूस पुढंमागं म्हणतो ते दिवस बहुधा येत नाहीत.

रोज सकाळी तसंच होऊ लागलं. ती गोळी तोडी, तो अर्धी गालात धरून लगबगीनं बाहेर जाई. आणि रोज ती विचारी, "काय फरक?"

पहिल्या पहिल्यांदा तो "बघू" म्हणे. पण त्या विचारण्यात इतकी आशा असे की त्याला ते "बघू" जड जायला लागलं. जानकीबाईनं जन्मात फार कशाची आशा केलेली त्यानं पाहिली नव्हती. लुगडं आणलं तर ठीक, नाही आणलं तर जुनं चालतंय म्हणणारी बाई. आणि ती आता रोज भाकरी थापता थापता त्याच्या गुडघ्यांकडं चोरून बघायची, रोपाला फूट आली का बघावं तसं. एका सकाळी त्याच्यानं राहवलं नाही.

"हाय जरा फरक," तो म्हणाला.

तिचा चेहरा असा उजळला की त्रिंबकला आपण फार पुण्याचं काम केलं असं वाटलं. पण खोटं एकदा घरात आलं की त्याला रोज जेवायला घालावं लागतं. फरक आहे म्हटल्यावर फरक दिसलाही पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून त्रिंबक भिंतीला हात न लावता उठू लागला. उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, पण तोंडातून हूं की चूं निघू देत नसे. आई हा शब्द त्यानं तोंडातून काढून टाकला. पाराकडं जाताना दारातून जानकीबाई बघते आहे हे ठाऊक असलं की तो ताठ चाले, आणि कोपरा वळला की दगडावर बसून दोन्ही गुडघे धरी.

जानकीबाईनं गल्लीभर सांगितलं. "आमच्यांच्या गुडघ्याला लई गुण आला." वनमालानं ते ऐकून "शेक घेतात का?" असं विचारलं, तेव्हा जानकीबाईनं "व्हय, शेकच घेत्यात" असं सांगून विषय बदलला. गोळ्या बंद होतील ही तिला भीती. रविराजचा फोन आला की त्यालाही ती सांगे, तुझ्या बापूंची काळजी करू नको. आणि एकदा संध्याकाळी शेळीचं दूध काढता काढता म्हणाली, "आता नारायणगडाला दर्शनाला जाऊ. येष्टीनं बीडपस्तोर, पुढं चालत. लग्नानंतर येकदा गेलतो, आठवतंय का?"

"आठवतंय."

"तवा तुमी पुढं पुढं पळत हुता. आता मला सोडून पळू नका."

त्रिंबक हसला. रात्री त्याला झोप लागली नाही, गुडघ्यांमुळं म्हणा नाहीतर नारायणगडामुळं.

त्याच सुमाराला संध्याकाळच्या जेवणातही अर्धी गोळी हातावर पडायला लागली. ही कुठली, असं त्यानं विचारलं. डाक्टरीणबाईंनी वाढवून पाठवलीय वनमालाच्या हाती, असं ती म्हणाली. त्याला ते पटलं. किंबहुना बरंच वाटलं, म्हणजे आता हिच्या पोटात दिवसाची एक गोळी जाते आहे. "तुजी घेतलीस?" त्यानं विचारलं. "मगाशीच, भाकर तव्यावर हुती तवा," ती म्हणाली. आणि त्याला खात्री करून घेता आली नाही, कारण तोंडात अर्धी गोळी विरघळायला लागली होती आणि त्याला घाईनं घरामागं जायचं होतं.

थंडी वाढली. एक दिवस जानकीबाई ओसरीवर बसली होती आणि तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला हळद लावून चिंधी गुंडाळलेली त्रिंबकला दिसली.

"काय झालं?"

"काय न्हाई. बाभळीचा काटा असंल."

"कवा?"

"कवा कुणास ठाऊक. दुखत न्हाई, मंग कळंल कसं?"

दुखत नाही म्हटल्यावर त्यानंही सोडून दिलं. आपल्यात दुखण्याची एकच परीक्षा आहे, ती म्हणजे दुखणं. जे दुखत नाही ते दुखणंच नव्हे. त्रिंबकनंही जन्मभर तेच मानलं होतं. पण पुढं चिंधी बदलत गेली, मोठी होत गेली, आणि एका सकाळी ती सारवलेल्या जमिनीवरून गेल्यावर मागं ओला डाग राहिला. त्यानं तिला बाजेवर बसवलं आणि चिंधी सोडली. अंगठ्याची कड काळी पडली होती आणि खालून वास येत होता. उसाच्या फडात त्यानं कोयत्यानं कापलेली बोटं पाहिली होती, साप चावलेला पाय पाहिला होता. पण हे पाहून त्यानं चिंधी पुन्हा गुंडाळली आणि उठून उभा राहिला.

"चल," तो म्हणाला.

"कुठं? शेळीला पाणी पाजायचंय."

"दवाखान्यात चल."

वस्तीपासून सडकेपर्यंत चालत जावं लागे. तिथून वडगावला जीप मिळे. त्या वाटेवर ती दोघं चालली तो प्रकार पारावरून विठ्ठलराव मुकादमांनी पाहिला आणि "म्हाताऱ्यांची तब्येत काय झ्याक हाय" असं ते कुणाला तरी म्हणाले. कारण ती पाय जमिनीवर नीट टेकवत होती, त्याला काळजी नको म्हणून. आणि तो हात मागं बांधून ताठ चालत होता, तिचा विश्वास मोडायला नको म्हणून. वाटेत एक ओढा लागे. त्यात उतरताना दोघांनीही एकमेकांना "सावकाश" असं सांगितलं आणि दोघंही "मला काय धाड भरलीय" म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. सायली त्यांचं नाव, वय या दोघांच्या नातीएवढं, पण हात चांगला होता. त्यांनी जखम धुतली, दाबून पाहिली. जानकीबाई दुसरीकडंच बघत होती, तिला दाबल्याचं काही कळतच नव्हतं. मग बोटातून रक्त काढून त्यांनी यंत्रात घातलं, आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा रक्त काढून पाहिला.

"आजी, गोळी रोज घेता ना?"

"घेते की."

"एकही दिवस चुकवत नाही?"

"न्हाई बाई."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली. "मग गोळीचा उपयोग होत नाहीये, असं दिसतंय. साखर फार वाढली आहे. एवढ्या साखरेत जखम भरत नाही. मी तुम्हाला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. तिथं ते कदाचित अंगठा काढायचा म्हणतील. आणि गोळ्याही मी वाढवते, दोन वेगळ्या जास्तीच्या देते, जोरदार."

अंगठा काढायचा म्हणतील, हे ऐकून जानकीबाईनं फक्त पदर सारखा केला. त्रिंबक दाराजवळच्या बाकावर बसला होता. त्याच्या कानात ते शब्द शिरले आणि तिथंच अडकले. पायाचा अंगठा गेला की माणूस ओढा कसा उतरतो, पाटावर कसा बसतो, एवढंच तो मनात बघत राहिला. त्याला भीती वाटली. खरं तर इतकी भीती त्याला आजवर कधी वाटली नव्हती, कारण आजवर जे काही आलं ते दोघांवर मिळून आलं होतं.

मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. या बाई जोरदार गोळ्या देणार, कारण त्यांना वाटतंय हिच्या पोटात पूर्ण गोळी जाते. घरी गेल्यावर ही त्या गोळ्याही अडकित्त्यात धरणार. आणि चुकीच्या हिशेबावर घेतलेलं औषध काय करील कुणास ठाऊक. आता गप्प बसलो तर हिच्या पायावर आपणच कोयता मारला असं होईल, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"बाई," तो म्हणाला, "ती पुरी घेत न्हाई. अर्धी घेती. अर्धी मला देती."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. जानकीबाईनंही पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत प्रथम राग आला.

"तुम्हाला? तुम्हाला साखर आहे?"

"न्हाई. गुडघ्यासाठी. त्या म्हाताऱ्या पेशी गप बसाव्यात म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "ते मीच सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "बायकांनी गोळी चुकवू नये म्हणून सांगितलं. आजी, मी म्हटलं होतं की अभ्यास चालू आहे. उंदरांवर, काचेच्या नळ्यांत बघतायत. माणसाच्या गुडघ्याची सूज या गोळीनं जाते असं अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. आणि झालं तरी ते औषध ज्याचं त्याला, तपासून द्यायचं असतं." मग त्या जानकीबाईकडं वळल्या. "म्हणजे तुम्ही रोज अर्धीच घेत होता?"

जानकीबाईनं लुगडं पायावर ओढून घेतलं.

"आजी, मला खरं कळलं पाहिजे. पायाचा प्रश्न आहे."

"आधी अर्धी घेत हुते," जानकीबाई म्हणाली. "मंग त्यान्ला गुण आला. मंग मी माजी बी त्यान्लाच देऊ लागले. सकाळी अर्धी, सांजच्याला अर्धी."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? मला कुठं काय दुखतंय? ज्याचं दुखतंय त्यानं घ्यावी."

त्रिंबक बाकावरून उठला. उठला कसा ते त्याला कळलं नाही. संध्याकाळची गोळी कुठून आली ते आता त्याला समजलं, आणि डॉक्टरीणबाईंनी वाढवून पाठवलीय या शब्दांवर आपण कसा विश्वास ठेवला तेही समजलं. आपण एकदा "हाय जरा फरक" म्हटलं, त्या एका गोड शब्दानं हिच्या ताटातली उरलेली अर्धी गोळीही काढून घेतली. ही अर्धी तरी घेते म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि ही दिवसच्या दिवस काहीच न घेता भाकरी थापत होती. त्याला तिचा भयंकर राग आला. असलं मोठं मन घेऊन जन्माला यायचं कुणी सांगितलं होतं हिला, असं त्याला वाटलं. आणि लगेच आपलीच लाज वाटली, कारण तिनं निदान खरी गोळी दिली होती.

डॉक्टरीणबाई आता त्याच्याकडं बघत होत्या. "बाबा, म्हणजे एवढे दिवस रोजची पूर्ण गोळी तुमच्या पोटात जात होती. चक्कर येते का? जुलाब, मळमळ? तुमचंही रक्त तपासावं लागेल, मूत्रपिंडाचं बघावं लागेल."

"माज्या पोटात काय गेलं न्हाई," त्रिंबक म्हणाला.

"म्हणजे?"

"मी गिळलीच न्हाई. येक बी न्हाई. गालात धरायचो आन् मागं जाऊन थुकायचो." हे तो डॉक्टरीणबाईंना सांगत होता पण बघत होता भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडं. "मी घेतली न्हाई तर ती बी घेणार न्हाई म्हणली. म्हणून घेतल्यासारखं केलं. आन् ती रोज इचारायची, म्हणून म्हणलं, फरक हाय."

बाहेर कुणाचं तरी लेकरू सुईच्या भीतीनं रडत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी आपल्या कामाचं शोधलं. त्या पुढं झाल्या आणि जानकीबाईचा पाय पुन्हा हातात घेतला. "हे एका अर्थी बरंच आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं औषध हरलं. ते हरलं नाही, ते पोटात गेलंच नाही. आजी, आज अंबाजोगाईला जायचंच. पण मी चिठ्ठीत सगळं लिहून देते. काही दिवस इंजेक्शन, पुढं रोजची गोळी, पूर्ण, तुमची तुम्ही. अंगठा वाचण्याची आशा आहे. खात्री देत नाही, पण आशा आहे."

हे त्यांनी जानकीबाईला सांगितलं, पण जानकीबाई ऐकत नव्हती. ती त्रिंबककडं बघत होती. त्यानं ओळखलं की आता ती बोलणार, आणि हळू बोलणार. काहीही ऐकायची त्याची तयारी होती. तुमच्यामुळं माझा पाय गेला असं ती म्हणाली असती तर ते खरंच होतं. मला एवढे दिवस येड्यात काढलं म्हणाली असती तर तेही खरं होतं.

"म्हंजी," ती म्हणाली, "तुमचं गुडघं आजून दुखत्यात?"

"दुखत्यात."

"पयल्यावानीच?"

"थंडीनं जरा जास्तच."

"आन् रोज भिंतीला हात न लावता उठत हुता ते?"

त्रिंबकनं मान हलवली.

जखम धुताना, आकडा ऐकताना, अंगठा काढायचं नाव निघालं तेव्हाही जानकीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आता आलं. तिनं ते पदरानं पुसलं, पण ते थांबेना.

"मला वाटलं," ती म्हणाली, "कोयत्यातलं येक तरी बरं झालं."

त्रिंबक तिच्याजवळ जाऊन तपासायच्या पलंगावर बसला, आणि बसताना त्यानं गुडघ्याला हात लावून मोठ्यानं "आई गं" म्हटलं.